विभक्तीचा माणूस

पहिल्या दिवशी सर वर्गात आले, आमच्याकडे पाहिलं, "माफ करा" म्हणाले आणि दार ओढून घेऊन निघून गेले.

आम्हाला काही कळेना. खोली तर हीच होती. थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं. या वेळी त्यांच्याबरोबर कॉलेजचा शिपाई होता. त्यानं आमच्याकडे हात करून सांगितलं, "सर, वर्ग चुकला नाही. ही तुमचीच मुलं आहेत. पालीची."

"सगळी?"

"सगळी."

सर आत आले. हातातली छत्री टेबलावर आडवी ठेवली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण छत्री त्यांच्या हातात बारा महिने असायची. मग एकेका बाकाकडे पाहत, जणू कुणी गंमत करत नाही ना याची खात्री करून घेत, त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे ना, की याला दोन वर्षं लागतात?"

शिपायानं नंतर आम्हाला सगळं सांगितलं. गेली कित्येक वर्षं पालीला एखादाच विद्यार्थी असायचा, काही वर्षी तोही नसायचा. ज्या वर्षी कुणी नसे त्या वर्षीही सर तासाला येऊन फळ्यावर रूपं लिहायचे आणि घंटा झाली की पुसून जायचे. प्राचार्यांनी त्या जूनपासून विषयच बंद करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात आम्ही आलो. वरळीहून, नायगावहून, शिवडीहून, डिलाईल रोडवरून. आमच्या लोकांनी नुकतीच बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली होती. चाळीच्या मैदानात दर पौर्णिमेला सगळे हात जोडून पालीतली वंदना म्हणायचे. शब्द पाठ झाले होते, पण अर्थ कुणाला धड सांगता येत नव्हता.

माझे वडील गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात होते. इंटर झाल्यावर मी टायपिंग शिकावं असं काकांचं म्हणणं होतं. वडील म्हणाले, "टायपिंगवाल्या पोरी ढीग हायेत. आपल्याला अर्थ सांगणारं कुनीतरी पायजे. बाय, तू त्येच शिक." मी बी.ए.ला पाली घेतलं ते एवढ्यावर. शिकवणारा कोण, असं घरी आल्यावर त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गिरगावातले आहेत, ब्राह्मण आहेत. वडिलांनी विडीचा झुरका घेतला. "शिकवू दे. शब्द काय त्याच्या बापाचे नाहीत."

सरांना नावं लक्षात राहत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला आम्ही राहायचो त्या ठिकाणांवरून हाका मारायला सुरुवात केली. "अहो शिवडी, तुम्ही सांगा." "अहो वरळी, तुमच्या घरी याला काय म्हणतात?" मी वरळी झाले ती कायमचीच. आडनाव विचारलं आणि सांगितलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. सरांनी आडनाव कधी विचारलंच नाही. त्यांना गाव हवं असायचं. कोकणातलं की देशावरचं, खाडीच्या अलीकडचं की पलीकडचं. कारण गाव कळलं की बोली कळायची. आणि दुसरं म्हणजे ते अहो. आमच्या चाळीत आम्हाला कुणी अहो म्हटलं नव्हतं आणि चाळीबाहेर तर नाहीच नाही. पन्नाशीचा, कोट-टोपीतला माणूस अठरा-वीस वर्षांच्या पोरांना अहो म्हणतो, याचीच सवय व्हायला आम्हाला निम्मं वर्ष लागलं.

त्यांचं सगळं वेड शब्दांच्या झिजण्यावर होतं. संस्कृतातला हस्त झिजून पालीत हत्थ झाला आणि हत्थ झिजून आपला हात. कर्माचं कम्म, कम्माचं काम. फळ्यावर ते तीन शब्द एकाखाली एक लिहायचे आणि खडू खाली ठेवून म्हणायचे, "पाहिलंत? तुमच्या आईच्या तोंडात आहे तो हा तिसरा शब्द. वरचे दोन मेले. हा जगला." असं म्हणताना ते खरोखरच हळवे व्हायचे.

एकदा ते वरळी कोळीवाड्यात गेले. कोळ्यांच्या बोलीत काही जुनी रूपं राहिली असावीत असा त्यांना संशय होता. सोबत मला घेतलं. सर शुद्ध शाकाहारी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल, आणि मासळीच्या एका पाटीसमोर उभे राहून विचारायचे, "बाई, याला काय म्हणता? आणि ह्याला? आणि काल आणलं होतं असं कसं म्हणाल?" दोन-तीन गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी कोळीण कमरेवर हात ठेवून ओरडली, "घ्यायचा नाय तं पुसतंस कनाला रं?"

सरांनी रुमाल खाली घेतला. चेहरा उजळला. "वरळी, ऐकलंत? कशाला नाही, कनाला! पुन्हा म्हणा हो बाई."

ती हसायलाच लागली. पुन्हा म्हणाली. मग शेजारच्या दोघींनीही म्हणून दाखवलं. निघताना तिनं त्यांना सुकट द्यायला काढली आणि सरांनी दोन्ही हात जोडून ती मला घ्यायला लावली.

वर्गात सगळं असं गोडीगुलाबीचंच होतं असं मात्र नाही. शिवडीच्या मनात सरांबद्दल पहिल्यापासून अढी होती. तो हुशार आणि तापट. त्याचं म्हणणं, आमचा धम्म आम्हाला यांच्या तोंडून का ऐकायचा? एके दिवशी तासाच्या मध्येच तो उभा राहिला.

"सर, एक विचारू? तुम्ही हे आयुष्यभर वाचताय. तुम्हाला पटतं का?"

"पटतं."

"माणसात उच्चनीच नाही, हे पटतं?"

"पटतं."

"मग तुम्ही दीक्षा का घेत नाही?"

सरांनी खडू ठेवला. हात झटकले. मग म्हणाले, "घरी आई आहे. मला तिची भीती वाटते."

कुणी हसलं नाही. शिवडी तसाच उभा राहिला. तो वादाच्या तयारीनं आला होता. शास्त्र, इतिहास, सगळ्यावर त्याच्याकडे उत्तर होतं. सरच पुढे म्हणाले, "तुम्ही माझ्याकडून धम्म शिकू नका. तो तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. मी भक्तीचा माणूस नाही हो, विभक्तीचा. तेवढी माझ्याकडून घ्या आणि मला सोडून द्या."

तास संपल्यावर जिन्यात शिवडी मला म्हणाला, "काय माणूस आहे यार! खोटं तरी बोलायचं होतं."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. कॉलेज कधी उघडं, कधी बंद. सरांचा या सगळ्याला मनापासून पाठिंबा होता, सभेला जायचे, शेवटच्या रांगेत छत्रीवर रेलून उभे राहायचे. पण तास बुडाला की कासावीस व्हायचे. "महाराष्ट्र मिळेल हो, नक्की मिळेल. पण सप्तमी राहिली तर ती कोण देणार?"

एकदा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी जमावबंदी मोडली आणि पोलिसांनी आम्हाला गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी भोईवाडा कोर्टात उभं केलं. आम्हाला शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसभर तिथंच बसून राहायचं, संध्याकाळी न्यायाधीश उठले की मोकळं. कोर्टात गर्दी म्हणून हवालदारानं आम्हाला बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसवलं होतं. आई-वडिलांना काय सांगायचं या काळजीत आम्ही असताना जिन्यावरून छत्रीचा टकटक आवाज आला.

हवालदारानं त्यांना अडवलं. "वकील का तुम्ही?"

"नाही."

"मग जामीन?"

"नाही, पाली."

"पालीहून आलात? गणपतीच्या पालीहून?" हवालदाराचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो मग बसा ना. एवढ्या लांबून आलात."

सरांनी त्याची चूक दुरुस्त केली नाही. आयुष्यात एवढी एकच लबाडी त्यांनी केलेली मी पाहिली. ते आमच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत कुठं जायचं नाही ना कुणाला? उत्तम. असा सलग वेळ मला कधी मिळालेला नाही."

आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. फळा नव्हता, पुस्तक नव्हतं. जोडाक्षरं कशी झिजतात ते चाललं होतं. राष्ट्राचं काय होईल, असं त्यांनी विचारलं. नायगावनं सांगितलं, रट्ठ. मग महाराष्ट्राचं? महारट्ठ. आणि संयुक्ताचं? संयुत्त.

शिवडीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तो ताडकन उठला आणि मूठ वर करून ओरडला, "संयुत्त महारट्ठ..."

"झालाच पाहिजे!" आम्ही सगळे ओरडलो. त्यात सरांचा आवाज सगळ्यात किरटा आणि सगळ्यात वरचा.

हवालदार धावत आला. "घोषणा द्यायच्या नाहीत इथं!"

"घोषणा नाही," सर उठून उभे राहत म्हणाले. "उदाहरण आहे."

त्या दिवसानंतर शिवडीनं सरांची छत्री धरायला सुरुवात केली. सर कुठेही निघाले की हा मागे छत्री घेऊन. आम्ही त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "विसरतात रे कुठेतरी. आपलं लक्ष असलेलं बरं."

शेवटचं वर्ष सुरू झालं आणि माझे वडील गेले. खोकला जुनाच होता. गिरणीतल्या कापसानं छाती भरत गेली होती. शेवटचे काही दिवस ते मला जवळ बसवून वंदनेतला एकेक शब्द विचारायचे. "ह्याचा अर्थ काय गं बाय? आनि ह्याचा?" मी सांगायची. ते डोळे मिटून मान हलवायचे. एका सकाळी मी एक शब्द सांगितला आणि मान हलली नाही.

जुने विधी आमच्या लोकांनी सोडून दिले होते. नव्यातलं अजून हाताशी कुणी नव्हतं. भिक्खू मिळायचा नाही, आमच्या चाळीत अशा वेळच्या गाथा म्हणणारं कुणी जाणतं नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "तुझ्या बापानं तुला त्याचसाठी शिकवलीय. तूच म्हन."

मी वडिलांच्या उशाशी उभी राहिले. खोली भरली होती, खाली मैदानही. दोन ओळी म्हटल्या आणि आवाज बंद झाला. तोंडातला शब्द दिसत होता, पण बाहेर येईना. आई माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात माझ्या मागून, गर्दीतून, अगदी हलक्या आवाजात तो शब्द आला. फक्त तो एकच शब्द. मी तो म्हटला आणि पुढची ओळ आपोआप आली. पुन्हा अडले, पुन्हा मागून शब्द आला. असं करत मी शेवटापर्यंत गेले.

मग मागे वळून पाहिलं. कोट-टोपीतले सर लोकांच्या मागे भिंतीला चिकटून उभे होते. शेजारी शिवडी. त्यानंच जाऊन त्यांना सांगितलं होतं. सर पुढे आले नाहीत. वडिलांना उचललं तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि सगळ्यांबरोबर शेवटी चालत निघाले.

आता घर माझ्यावर होतं. मागे दोन भाऊ शाळेतले. ओळखीनं पालिकेच्या शाळेत दुपारच्या पाळीला तात्पुरती शिक्षिका म्हणून जागा मिळत होती. कॉलेज अकराला सुरू व्हायचं. दोन्ही जमणं शक्यच नव्हतं. कॉलेज सोडते आहे हे सांगायला मी गिरगावात सरांच्या घरी गेले.

जुन्या वाडीतली दोन खोल्यांची जागा. दार एका उंच, ताठ म्हातारीनं उघडलं. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर.

"कोण गो तू?"

"सरांची विद्यार्थिनी."

"कुठली?"

"वरळीची."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. सर हे सगळं मधल्या दारातून पाहत उभे होते. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "बसा, वरळी, बसा," म्हणत ते आत गेले. आत भांड्यांचा खडखडाट झाला, दबक्या आवाजात काही बोलणं झालं. मग सर दोन कप चहा घेऊन बाहेर आले. तो त्यांनीच केला होता, हे पहिल्या घोटातच कळलं. आम्ही दोघांनी तो संपवला.

मी काय ते सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाले, "सकाळी किती वाजता उठता?"

"पाचला. पाणी भरायला."

"मग सातला याल?"

त्यांनी पालीचे सगळे तास सकाळी सातला घेतले. प्राचार्य चिडले. इतक्या लवकर कॉलेज उघडत नाही, असं म्हणाले. सरांनी शिपायाकडून फाटकाची किल्ली घेतली आणि फाटक रोज स्वतः उघडू लागले. मला वाटलं होतं, बाकीचे कुरकुरतील. नायगाव कुरकुरलाही. पहिल्याच दिवशी शिवडीनं त्याला सांगितलं, "झोपायचं असेल तर वर्गात येऊन झोप." तेव्हा मुंबईत पहाटे गार असायचं. सर मफलर गुंडाळून शिकवायचे. मी तास संपला की बसनं घरी, दोन घास पोटात, आणि शाळेत. वर्षभर कुणीही मला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही.

परीक्षा झाली. मला दुसरा वर्ग मिळाला. शिवडीलाही. निकाल लागला त्याच्या थोडं आधीच महाराष्ट्राचं राज्यही झालं होतं. शहरभर रोषणाई होती. सरांनी आम्हाला सगळ्यांना पेढे दिले आणि आमच्या मागे आणखी मुलं आली आहेत, पुढच्या वर्षी वर्ग भरेल, असं तीन-तीनदा सांगितलं. मी शाळेत कायम झाले. पुढे परळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. पालीचा वर्ग चालू राहिला.

सर निवृत्त व्हायच्या आतच गेले. एका दुपारी वर्गात शिकवता शिकवताच बसले, ते उठले नाहीत. शिवडीनं मला शाळेत येऊन सांगितलं. तो माझ्या वर्गाच्या दाराशी उभा राहिला, तेव्हाच मला कळलं.

दोन-तीन आठवड्यांनी मी गिरगावात गेले. कशाला गेले, मलाही सांगता येणार नाही. त्या घरात मला ओळखणारं आता कुणी नव्हतं. म्हातारी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती. नव्वदीला टेकली होती, पण पाठ तशीच ताठ.

"तू मागे एकदा आली होतीस," ती म्हणाली. "बस."

मी बसले. रस्त्यावरून कुणी भांडीवाली ओरडत गेली.

"तो शेवटचा काय शिकवत होता गो?" तिनं विचारलं. "तिथं, वर्गात?"

"भाषा, आजी. पाली."

"ते तो मलाही सांगायचा. काय शिकवतोस, म्हटलं की, भाषा. पुढे बोलायचा नाही. मला वाटे, रागावेन म्हणून बोलत नाही. रागावलेही असते. एखादा शब्द सांग बघू."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, फळीवर बरण्या दिसत होत्या. मी म्हटलं, "मिठाला लोण म्हणतात."

"लोण." तिनं तो शब्द तोंडात घोळवला. "म्हणून लोणचं."

"हो."

"आणि सात?"

"सत्त."

ती विचारात पडली. "मग आठाला अट्ठ म्हणत असतील."

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं. कोण कशात मिसळतं, काय गळतं, काय दुप्पट होतं, ते तिला आपलं आपणच दिसत होतं. "अग्नीचं अग्गि करत असतील," ती म्हणाली, आणि मी हो म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं.

"मुलाला काय म्हणतात?"

"पुत्त."

"पुत्त." तिनं तो दोनदा म्हणून पाहिला. "म्हणजे र गेला."

"हो, आजी."

"गेला," ती म्हणाली. मग तिनं पदर सारखा केला, खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ आणली आणि म्हणाली, "पुढचा सांग."